केतकी कुणाच्या बाजूची

आमच्या आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, माणूस ओळखता येतो असं सगळ्या ढवळवाडीचं म्हणणं आहे. खुद्द आत्याबाईंचं तर आहेच. कुणाच्या घरी सोयरीक ठरायची असली की त्यांना, म्हणजे राहीबाईला, बरोबर नेतात. त्या जाऊन भिंतीला टेकून बसतात, चहा अर्धा ठेवतात, दोन-चार फालतू प्रश्न विचारतात आणि परतताना गाडीत निकाल देतात. मला बघायला केडगावला आल्या तेव्हा मी दारात भाजीवाल्याशी भांडत होते. त्याने मेथीच्या जुडीत आत पिवळी पानं दडवली होती. पाहुणे दारात आणि ही कार्टी रस्त्यात, म्हणून आई कपाळाला हात लावून बसली. आत्याबाई तिथंच उभ्या राहिल्या, भांडण पुरतं ऐकलं आणि आत येऊन म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय. पोटात एक आन व्हटात एक, असलं काय न्हाई हिच्यात." पुढे या निकालाचा त्यांना कितीदा पस्तावा झाला असेल ते त्यांनाच ठाऊक.

त्यांचं माहेर जामखेडच्या पलीकडे, कोरड्या मुलखात. इथं सासरीही सुरुवातीला जमीन नावालाच होती, म्हणून त्या दुसऱ्यांच्या मळ्यात कांदे काटायला जायच्या. तेव्हा प्रत्येक बाई एकटी जायची आणि मळेवाला एकीला दुसरीचं नाव सांगून राबवायचा. "ती बघ, तुझ्यापेक्षा चलाख हाय," असं हिला, आणि तेच तिला. आत्याबाईंनी एक दिवस सगळ्यांना बांधावर बसवलं आणि विचारलं, तुला काय म्हणाला, तुला काय म्हणाला. राहीबाईची टोळी निघाली ती त्या दिवसापासून. आता आमच्या विहिरीला पाणी आहे, घरचे कांदे आहेत, माझा नवरा रविराज नगरच्या एमआयडीसीत जातो, तरी एप्रिल लागला की आत्याबाईंचा पाय घरात ठरत नाही. आणि त्या निघाल्या की मलाही निघावं लागतं.

काम तसं सोपं दिसतं. उपटून सुकत टाकलेल्या कांद्यासमोर ओळीनं बसायचं, विळ्यानं पात आणि मुळ्या कापायच्या, मोठा कांदा एकीकडे, बारीक गोल्टी दुसरीकडे, जोडकांदा तिसरीकडे. संध्याकाळी प्रत्येकीनं आपला विळा आत्याबाईंच्या पाटीत टाकायचा. मग त्या अंगणात बसून कानशीनं एकेका विळ्याला धार लावतात. प्रत्येकीच्या विळ्याच्या मुठीला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली असते, त्यामुळे कुणाचा कुठला ते अंधारातही कळतं. हंगाम संपेपर्यंत कामाची वेळ सोडून एरवी विळा पाटीतच राहायचा हा टोळीचा नेम. जिनं न सांगता पाटीतून उचलला ती टोळीतून गेली, त्या हंगामात तिला परत घ्यायचं नाही. हा नेम आत्याबाईंनीच केलेला. एकदा ऐन कामात दोघीजणी दुसऱ्या टोळीकडे पळाल्या होत्या आणि मळेवाल्यापुढे आत्याबाईंना खाली मान घालावी लागली होती. ते त्यांना फार लागलं.

आमच्या टोळीत सविता आली ती पाथर्डीकडून. तिचा नवरा ऊसतोडीला श्रीगोंद्याच्या बाजूला जातो. आधी दोघं जोडीनं जायचे आणि लेक सुकन्या उसाच्या फडातच वाढत होती. सविता एका दिवाळीला अडून बसली की मी कोयता घेणार नाही, पोरीला शाळेत घालणार. नवरा वाईट नाही, पण त्यानं अट घातली. गावात कायमचं काम मिळत असलं तर राहा, नाहीतर दिवाळीनंतर जोडीनं चल, पोरगीही बरोबर. आमची टोळी कांद्यानंतर खुरपणीला जाते, मग बाजरी काढायला, म्हणजे वर्षभर काहीतरी चालूच असतं. तेव्हा सविताचं टोळीत असणं म्हणजेच सुकन्याची शाळा, हे आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

सविता कमी बोलते. न बोलणाऱ्या माणसाबद्दल बोलायला लोकांना जास्त आवडतं, त्यातली गत.

आता केतकीचं सांगते. संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर एक मालिका लागते. चंद्रगडची राणी वज्रावती, काळ्या डोंगरातला मांत्रिक, उडते घोडे, बोलणारी विहीर, सगळं आहे त्यात. टोळीतल्या एकीलाही ती बघायला मिळत नाही, कारण सात वाजता कुणी चुलीपाशी असतं, कुणी गोठ्यात, आणि टीव्ही असतो बाप्यांच्या ताब्यात. मी मोबाईल पिठाच्या डब्याला टेकवून भाकरी थापता थापता बघते आणि दुसऱ्या दिवशी ओळीत बसून सगळ्यांना सांगते. माझ्या सांगण्यावर हात चालतात, मी थांबले की हातही थांबतात. मळेवाला म्हणतो, निकिताला कांदे नाही काटले तरी चालतील.

केतकी ही राणीची दासी. दर अवसेला पदराखाली दिवा झाकून ती एकटी काळ्या डोंगरावर जाते. मांत्रिकाशी काय बोलते ते दाखवतच नाहीत, नुसतं तिचं तोंड दाखवतात आणि ढोल वाजतात. एकदा तर तिनं राणीच्या केसांची बट कापून नेली. ती राणीची की मांत्रिकाची, यावर आमच्या टोळीत दोन तट पडले होते. म्हणजे एका बाजूला सगळी टोळी आणि दुसऱ्या बाजूला आत्याबाई.

"फितूर हाय ती," मुक्ताबाई म्हणायची. मुक्ताबाई आमच्या शेजारची, हात चलाख आणि तोंड त्याहून. "चांगली बाई अवसेला डोंगरावर कशाला जाईल?"

आत्याबाई मला विचारायच्या, "डोंगरावरनं आल्यावर ती आदी काय करती?"

"राणीच्या बाळाच्या पाळण्यापाशी जाते. पांघरूण सारखं करते."

"मग ती राणीची हाय. ज्याच्या घराचं वाटुळं करायचं त्याच्या लेकराचं पांघरून कुनी बघत न्हाई."

"ते नाटक असंल, आत्या," मुक्ताबाई सोडायची नाही.

"नाटक बघनाऱ्यापुढं करत्यात. तवा खोलीत कोन हुतं गं, निकिता?"

"कुणीच नव्हतं."

"झालं तर मग."

आख्खा महाराष्ट्र बघत होता, असं मी म्हणणार होते, पण सासूबाईंच्या हातात विळा होता.

वर त्यांनी माझीच चूक काढली. म्हणाल्या, "तू केतकीचं सांगताना मान वाकडी करतीस आन डोळा बारीक करतीस. म्हनून ती लबाड वाटती. सरळ तोंडानं सांग बरं." मी सरळ तोंडानं सांगून पाहिलं. खरं सांगते, तसं सांगितल्यावर केतकी नुसती दिवा घेऊन डोंगर चढणारी एक बाई उरली आणि ऐकणाऱ्यांचा विरस झाला. मग मी परत डोळा बारीक केला. गोष्ट सांगायची म्हणजे तेवढं लागतंच.

अशातच एक दिवस सविता कामाला आली नाही. आणि मुक्ताबाईच्या नवऱ्यानं तिला फाट्यावर बजरंगच्या टेम्पोतून उतरताना पाहिलं, तेही पुढे, ड्रायव्हरशेजारी बसलेली. बजरंग म्हणजे दुसऱ्या टोळीचा मुकादम. त्याचा स्वतःचा टेम्पो आहे, बोलायला गोड आहे, आणि आमच्या बायका फोडायचा त्याचा प्रयत्न दरवर्षी चालू असतो. मुक्ताबाईनं ही बातमी दुसऱ्या दिवशी टोळीत सांगितली. मान वाकडी, डोळा बारीक. सविता ओळीच्या टोकाला बसली होती. तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही, तिचा विळा तसाच चालू होता.

जेवणाच्या सुट्टीत मी आत्याबाईंना म्हटलं, "विचारा ना तिला एकदा."

"काय इचारायचं?" त्या भडकल्या. "इचारलं म्हंजी मला बी संशय आला असं हुतंय. मला माणूस कळतं. सविता फितूर न्हाई. केतकी बी न्हाई."

असं म्हणून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. त्यांच्या दृष्टीनं दोन्ही प्रकरणं निकाली निघाली होती.

पण टोळीत ती निघाली नव्हती. सविता पाण्याच्या कळशीपाशी गेली की तिथलं बोलणं बंद व्हायचं. तिच्या शेजारची बाई हळूच ढीग बदलून पुढे सरकायची. एक तर तिला म्हणाली, "गोल्टीच निवड तू, मोठा कांदा आमी बघतो," जसं काही मोठा कांदा ती बजरंगला नेऊन देणार होती. मला राग यायचा, पण तिची बाजू घ्यायला गेलं तर ती स्वतःच एक शब्द बोलत नव्हती. न बोलणाऱ्याची बाजू घेणं म्हणजे कठीण काम.

आणि मग मालिकेत तो भाग आला. राणीनं संशयावरून केतकीला तळघरात कोंडलं, सगळ्या दरबारापुढे तिच्या तोंडावर दार लावलं. त्या तळघरातच गडाखालून जाणारं भुयार होतं. केतकीनं ते उघडलं आणि मांत्रिकाला गडात घेतलं. दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा ओळीत असा काही हशा झाला की बांधावरची कुत्री उठली.

"काय आत्या," मुक्ताबाई म्हणाली, "निघाली ना फितूर? अशा बाया तोंडावरनंच कळत्यात." आणि ती बघत होती ओळीच्या टोकाकडे. सगळ्याच बघत होत्या.

मला वाटलं आता तरी आत्याबाई गप्प बसतील. पण हार मानायचं खातंच त्यांच्याकडे नाही. "कोंडायच्या आदी उघडलं का भुयार?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. कोंडल्यावर."

"इतक्या अवसा गेल्या तवा उघडलं न्हाई. मग राणीनंच तिला फितूर केली. त्यात केतकीची काय चूक?"

त्यावर हशा आणखी वाढला. त्या गडबडीत सविता उठून मुकाट्यानं पाणी प्यायला गेली आणि परत येऊन बसली. तिच्याकडे नीट बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण सगळ्यांचं लक्ष केतकीच्या भुयारात होतं.

संध्याकाळी धार लावायला आत्याबाईंनी अंगणात पाटी उपडी केली आणि विळे मोजल्यासारखे हातानं बाजूला केले. मग थांबल्या. हिरव्या चिंधीचा विळा त्यात नव्हता. सविता जाताना आपला विळा उचलून घेऊन गेली होती.

मुक्ताबाई तेवढ्यात दळण घ्यायला आली होती. तिनं विळ्यांकडे बघितलं आणि मग आत्याबाईंकडे. नेम आत्याबाईंचा होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. आत्याबाईंनी कानस खाली ठेवली आणि विळे परत मोजले. सांगायला हरकत नाही, मला भीती वाटली. सविता गेली तर सुकन्याचं काय होणार ते डोळ्यांपुढे दिसत होतं. बजरंगचं काम कांद्यापुरतंच असतं. पाऊस पडला की त्याची टोळी मोडते, आणि मग दिवाळीनंतर कोयता. सविताला हे कळत नव्हतं असं नाही. पण टोळीतल्या त्या नजरा तिला सहन झाल्या नव्हत्या.

सकाळी वेशीपाशी दोन टेम्पो उभे असतात, एक आमच्या मळेवाल्याचा आणि एक बजरंगचा. त्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा सविता बजरंगच्या टेम्पोत मागे कडेला बसली होती. विळा मांडीवर. आमच्या टोळीतल्या बायका आपल्या टेम्पोत चढत होत्या आणि मुद्दाम तिकडे बघत नव्हत्या. आत्याबाईंनी पाटी माझ्या हातात दिली, तिच्यातून स्वतःचा विळा उचलला, लाल चिंधीचा, आणि आमचा टेम्पो ओलांडून सरळ पुढे चालत गेल्या. बजरंगच्या टेम्पोचं फाळकं धरलं, कासोटा सावरला आणि चढून सविताच्या शेजारी जाऊन बसल्या.

बजरंगच्या हातातली तंबाखू तशीच राहिली. "मावशी, तुमी? आमच्या टोळीत?"

"का? म्हातारी चालत न्हाई का तुला?"

"तसं न्हाई, पन..." तो आधी खूश झाला आणि मग घाबरला. राहीबाईला मुकादमाच्या हाताखाली बसवायचं म्हणजे आपणच हाताखाली जायचं, हे त्यालाही कळत होतं.

आमच्या बायका भराभर खाली उतरल्या. मुक्ताबाई सगळ्यात पुढे. "आत्या, ह्यो काय तमाशा मांडलाय?"

"तमाशा न्हाई. इळा उचलला. नेम तुला ठाव हाय." आत्याबाई निवांत बसल्या होत्या. "आता मी बी फितूर. मला बी परत घेऊ नका."

"काहीतरीच काय. तुमी असं उगं करनार न्हाई. तुमचं काय तरी कारन असंल."

"माझं कारन असंल," आत्याबाई म्हणाल्या. "आन हिचं?"

मला तर हसूच येत होतं. मुक्ताबाईसारखी बाई, जिला कधी शब्द कमी पडले नाहीत, ती टेम्पोच्या चाकाकडे बघत उभी होती. एवढ्या दिवसांत तिनं सविताबद्दल सगळ्यांशी बोलून घेतलं होतं, एका सवितालाच सोडून. शेवटी तिनं मान वर केली. या बाबतीत मी तिला मानते, तिनं डोळा बारीक केला नाही.

"सविता," ती म्हणाली, "तू कुनाच्या बाजूची हायस गं?"

सवितानं मांडीवरचा विळा बाजूला ठेवला. "माझ्या लेकराच्या," ती म्हणाली. "तुमच्या बाजूची न्हाई आन ह्या दादाच्या बी न्हाई. सुकन्याची शाळा जिथं ऱ्हाईल तिथं मी. त्या दिवशी तिला ताप हुता. दवाखान्यातनं निघाले तर एस्टी गेल्याली. ह्या दादानं बसवून आनलं, लेकरू मांडीवर निजलं हुतं म्हनून म्होरं बसवलं. लेकरू दिसलं न्हाई का तुमच्या मालकाला?"

मुक्ताबाईच्या नवऱ्याला ते दिसलं होतं की नाही कोण जाणे. मुक्ताबाईनं तरी सांगितलं नव्हतं. "मग आमाला सांगायचं हुतंस की," ती हळू आवाजात म्हणाली.

"तुमी इचारलं का?"

आत्याबाईंनी मान डोलावली, जशी त्या सोयरीक जमल्यावर डोलावतात. आपलं माणूस ओळखणं खरं ठरलं याचं समाधान त्यांच्या तोंडावर पसरायला लागलं होतं. तेवढ्यात सविता त्यांच्याकडे वळली.

"आत्या, तुमी बी न्हाई इचारलं," ती म्हणाली. "तुमी माझ्यासाटी समद्यांशी भांडला. मी रोज वाट बघत हुते, आज तरी माझ्यापाशी येऊन म्हनतील, काय झालं गं बाई. तुमी केतकीचं दहांदा इचारलं. माझं एकदा बी न्हाई."

आत्याबाईंच्या तोंडावरचं समाधान गेलं. सगळ्या गावाचे निकाल देणारी ही बाई, तिला एवढं साधं कुणी ऐकवलं नव्हतं. मी त्यांची सून आहे, आम्ही दिवसातून दोनदा भांडतो, पण त्या वेळी मला त्यांच्यासाठी वाईट वाटलं. त्यांनी विळ्याच्या मुठीवरची चिंधी उलगडली आणि परत गुंडाळली. बजरंगनं घड्याळ बघितलं, पण गाडी चालू करायची त्याची हिंमत झाली नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या. "न्हाई इचारलं. मला वाटलं मला समदं कळतंय."

"आन नेमाचं काय?" मागून कुणीतरी पुटपुटलं.

"नेम मीच केला. तो अर्धा हुता, आदी इचारायचं त्यात ऱ्हायलं हुतं," आत्याबाई मागे न बघता म्हणाल्या. मग त्या पुऱ्या सविताकडे वळून बसल्या. त्यांचा आवाज मी ओळखला नसता, इतका तो खाली आला होता. "आता इचारते. लेकराचा ताप उतरला का?"

"उतरला."

"शाळेत जाती का?"

"कालपसनं जाती."

"आन तू? येतीस का आमच्यासंगट?"

सवितानं खाली उभ्या असलेल्या एकेकीकडे बघून घेतलं, मुक्ताबाईकडे जरा जास्तच वेळ. मुक्ताबाईनं नजर चुकवली नाही.

"येते," सविता म्हणाली, आणि खाली उतरली. मग वळून आत्याबाईंना तिनंच हात दिला, कारण त्या चढल्या होत्या रागाच्या भरात आणि आता उतरायला त्यांचे गुडघे तयार नव्हते.